प्रस्तावना : तिसरी प्रत

एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरवर आम्ही काम करत होतो. मला नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. व्याजाचा हिशेब ज्या फाइलमध्ये होता ती मी नीटनेटकी करायला घेतली होती. व्हेरिएबलची नावं बदलली, एका लांबलचक फंक्शनची तीन केली, ओळींची मांडणी सरळ केली. त्याच पंधरवड्यात माझ्या एका सहकाऱ्याने त्याच फाइलमध्ये पैशांच्या पूर्णांकनाची चूक सुधारली होती. ठेवीची मुदत महिन्याच्या मध्येच संपली तर व्याजात काही पैशांचा फरक पडत होता. त्याचं कारण शोधायला त्याला दोन दिवस लागले, आणि दुरुस्ती निघाली दोन ओळींची. रिलीजच्या रात्री मी ब्रँच मर्ज केली आणि कॉन्फ्लिक्ट आला. चाळीसेक ओळी माझ्या, चाळीसेक त्याच्या. त्याच्या ओळींत जुनी नावं होती, म्हणून त्या मला जुन्या वाटल्या. मी अख्खी फाइल माझ्या बाजूची ठेवली, कमिट केली आणि घरी गेले.

पुढच्या आठवड्यात पावत्या पुन्हा चुकू लागल्या. "अगं, मी हे सुधारलं होतं ना?" असं म्हणत त्याने त्या फाइलचा इतिहास काढला. इतिहासात त्याचा बदल कुठेच नव्हता. त्याला वाटलं, आपण पुश करायलाच विसरलो. दोन दिवस तो स्वतःलाच दोष देत राहिला.

बदल इतिहासात होता, पण दिसत नव्हता. गिटला एखाद्या फाइलचा लॉग मागितला की ते आजच्या मजकुरापासून मागे मागे जातं. वाटेत मर्ज लागला आणि मर्जनंतरची फाइल दोन फाट्यांपैकी एकाशी तंतोतंत जुळत असली, तर ते फक्त त्याच फाट्याने पुढे जातं. दुसऱ्या फाट्याचा आजच्या मजकुराला काहीच हातभार नाही, मग तो दाखवायचा कशाला, असा त्यामागचा विचार आहे. विचार रास्त आहे. पण मी माझी बाजू जशीच्या तशी ठेवल्यामुळे त्याचं काम गेलंच, शिवाय ते काम झालं होतं ही नोंदही नजरेआड झाली. लॉग मागताना '--फुल-हिस्टरी' हा पर्याय जोडला की ती नोंद पुन्हा दिसते. हे मला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

त्या रात्री मी एकच गोष्ट बघायला हवी होती: आम्ही दोघांनी हात लावण्यापूर्वी ती फाइल कशी होती. ती बघितली असती तर पूर्णांकनाच्या दोन ओळी चाळीस ओळींतून आपोआप वर आल्या असत्या. या पुस्तकात मला मुख्यतः एवढंच शिकवायचं आहे. बाकीची प्रकरणं याच गोष्टीच्या अवतीभवती फिरतात.

कॉन्फ्लिक्टला मराठीत काय म्हणावं, यावर मी बराच विचार केला. काही भाषांतरांत 'संघर्ष' आढळतो. तो शब्द ऐकताच दोन माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जाताहेत असं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोघांना एकमेकांच्या कामाची कल्पनाही नसते. दोघेही आपापल्या जागी शहाणपणाने वागलेले असतात. ऑफिसात आपण सगळे 'कॉन्फ्लिक्ट आलाय' असंच म्हणतो, आणि या पुस्तकातही तोच शब्द ठेवला आहे. पण मनात मात्र मी त्याला पाठभेद म्हणते. एका मूळ मजकुराच्या दोन नकला होतात, दोन्ही वेगवेगळ्या हातांत बदलतात, आणि पुढे कुणाला तरी त्या शेजारी ठेवून एक पाठ ठरवावा लागतो. हे काम आपल्याकडे फार जुनं आहे. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती ताडून शुद्ध प्रत तयार केली, तेव्हा मूळ ग्रंथाला जवळजवळ तीनशे वर्षं होत आली होती. पोथ्यांचे पाठभेद जुळवणाऱ्याला मूळ पाठ तर्कानेच गाठावा लागतो. आपल्याला तो तर्क करावा लागत नाही. आपली मूळ प्रत गिटने जपून ठेवलेली असते, आणि तरीही आपण ती उघडत नाही.

आधीच्या पिढीने हा प्रश्न टाळूनच सोडवला होता. बेल लॅब्समध्ये १९७२ साली मार्क रॉचकाइंड यांनी केलेली एससीसीएस आणि त्यानंतर पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी केलेली आरसीएस या दोन्ही प्रणाली कुलपावर चालत. फाइल हवी असेल तर तिला कुलूप लावून घ्यायचं. ते उघडेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. दोघांनी एकाच वेळी लिहायचंच नाही म्हटल्यावर पाठभेदही नाही. पण कुलूप लावून माणूस सुट्टीवर गेला की सगळं काम ठप्प.

ते कुलूप काढलं ॲम्स्टरडॅमच्या एका प्राध्यापकाने. डिक ग्रून आणि त्यांचे दोन विद्यार्थी मिळून एका सी कंपायलरवर काम करत होते. एक विद्यार्थी नऊ ते पाच नेमाने बसणारा, दुसऱ्याच्या वेळेचा भरवसा नाही, आणि खुद्द ग्रून यांना फक्त संध्याकाळी सवड. तिघं एकमेकांसाठी थांबले असते तर कंपायलर कधीच पूर्ण झाला नसता. म्हणून ग्रून यांनी आरसीएसच्या वर काही शेल स्क्रिप्टं रचली. प्रत्येकाने आपल्या प्रतीवर हवं तेव्हा लिहावं आणि शेवटी प्रती एकत्र कराव्यात, अशी ती व्यवस्था होती. १९८६ मध्ये त्यांनी ती सर्वांसाठी खुली केली. तीच सीव्हीएस. आज आपल्यासमोर येणारा प्रत्येक कॉन्फ्लिक्ट ही त्या मोकळिकीची किंमत आहे, आणि मला ती अगदी वाजवी वाटते. नऊ ते पाचवाला आणि संध्याकाळवाला एकाच फाइलवर काम करू शकतात, ही साधी गोष्ट नाही.

गिट आलं ते २००५ च्या एप्रिलमध्ये. लिनक्स कर्नलचं काम तोपर्यंत बिटकीपर नावाच्या व्यावसायिक प्रणालीवर चालत होतं. तिचा फुकट वापर बंद झाला आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःच नवं साधन लिहायला घेतलं. त्याच महिन्याच्या १८ तारखेला गिटमध्ये अनेक ब्रँच पहिल्यांदा मर्ज झाल्या. पहिल्या पंधरा-वीस दिवसांतच मर्ज जमायला हवा होता, कारण कर्नलचं काम मुळात मर्जचंच आहे. नव्या आवृत्तीची सुरुवात दोन आठवड्यांच्या मर्ज विंडोने होते. त्या काळात वेगवेगळ्या विभागांचे मेंटेनर आपापलं काम टोरवाल्ड्स यांच्याकडे पाठवतात.

कर्नलच्या मेंटेनरांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेतला एक सल्ला मला पहिल्यांदा वाचताना चुकीचा वाटला होता. आपल्या कामात कॉन्फ्लिक्ट येणार असं दिसलं, तर तो आधीच मिटवण्यासाठी मुख्य ब्रँच आपल्यात ओढून घेऊ नका, असं ती सांगते. टोरवाल्ड्स यांना कॉन्फ्लिक्ट दिसलेले हवे असतात, कारण कोणत्या भागात दोन विभागांची कामं एकमेकांवर चढताहेत ते त्यांतूनच कळतं. ५.१ या एका आवृत्तीच्या काळात त्यांनी ३८२ मर्ज केले. इतक्या सवयीनंतर कॉन्फ्लिक्ट सोडवण्यात ते अनेकदा मूळ लेखकांपेक्षाही सरस ठरतात, असं ती मार्गदर्शिका म्हणते. मेंटेनरने आपल्या बाजूने मर्ज करून बघावा, अवघड जागा पत्रात सांगावी, आणि प्रत्यक्ष निर्णय वर होऊ द्यावा. आमच्या ऑफिसात मात्र कॉन्फ्लिक्ट म्हणजे लाजेची गोष्ट. रिव्ह्यूला पाठवण्यापूर्वी तो गुपचूप मिटवायचा, कुणाला सांगायचं नाही. माझी चूक दिसायला इतका उशीर लागला, त्याचं अर्धं कारण हेच होतं.

कर्नलच्या जगातली आणखी एक सोय इथे सांगायलाच हवी. २००८ पासून 'लिनक्स-नेक्स्ट' नावाचं एक झाड चालतं. स्टीफन रॉथवेल यांनी ते सुरू केलं आणि वर्षानुवर्षं एकहाती वाहिलं. शेकडो विभागांच्या ब्रँच त्यात कामाच्या दिवशी रोज एकत्र केल्या जातात. मर्ज विंडो उघडण्याच्या कितीतरी आधी कॉन्फ्लिक्ट इथे सापडतात, आणि दोन्ही बाजूंच्या मेंटेनरांना पत्र जातं: तुमच्या या बदलाची त्यांच्या त्या बदलाशी गाठ पडली, मी ती अशी सोडवली, बरोबर आहे का बघा. त्या पत्राचा सूर मला फार आवडतो. सोडवणारा माणूस निर्णय घेतो आणि लगेच ज्यांचा मजकूर आहे त्यांच्यापुढे ठेवतो.

आता मूळ प्रतीकडे येते. एका वाचनालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही ओळ आहे असं समजा: 'विलंब दंड: दिवसाला २ रुपये'. कार्यकारिणीने दंड वाढवला म्हणून एकीने ती 'दिवसाला ५ रुपये' अशी केली. त्याच आठवड्यात दुसऱ्याने तीच ओळ 'दिवसाला २ रुपये, बालविभागाला माफ' अशी केली. मर्ज करताना गिट हात वर करतं आणि फाइलमध्ये दोन्ही ओळी खुणांसह मांडतं. वर डावीकडे टोक केलेले सात कोन, मध्ये बरोबरच्या सात खुणा, खाली उजवीकडे टोक केलेले सात कोन. एवढंच बघणाऱ्याला वाटतं की पाच की दोन, यातून निवडायचं आहे. पाच निवडले तर मुलांना दंड बसेल. दोन निवडले तर कार्यकारिणीचा ठराव वाया जाईल. मूळ ओळ शेजारी ठेवा, म्हणजे दिसेल की एकीने फक्त आकडा बदलला आणि दुसऱ्याने फक्त सवलत जोडली. त्याच्या ओळीतला २ हा त्याचा निर्णय नाही. तो मुळातून तसाच आलेला आहे. मग उत्तर समोरच असतं: दिवसाला ५ रुपये, बालविभागाला माफ. दोन ओळींपैकी एकीतही हे उत्तर लिहिलेलं नव्हतं.

गिट स्वतः हाच हिशेब करतं. मर्ज करताना त्याच्या हातात तीन प्रती असतात: दोन्ही ब्रँचचा सामाईक पूर्वज, आपली आणि त्यांची. एका बाजूने ओळ बदलली आणि दुसरीने ती मुळासारखीच ठेवली, तर बदललेली घ्यायची. दोन्ही बाजूंनी अगदी सारखाच बदल केला, तरी अडचण नाही. दोघांनी एकच जागा वेगवेगळी बदलली, तरच ते थांबतं. थांबतानाही तिन्ही प्रती जपून ठेवतं, क्रमांक १ मूळ, २ आपली, ३ त्यांची. पण मुळात ठरलेल्या मांडणीत फाइलमध्ये दाखवतं फक्त आपली आणि त्यांची. ज्या प्रतीच्या आधारावर ते स्वतः विचार करतं, तीच नेमकी आपल्याला दिसत नाही! 'मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल' ही सेटिंग 'डिफ३' केली की दोन बाजूंच्या मधोमध मूळ मजकूरही येतो, सात उभ्या रेघांच्या खुणेखाली. २०२२ च्या जानेवारीत आलेल्या गिट २.३५ पासून 'झेडडिफ३' मिळतं. ते दोन्ही बाजूंनी सारख्याच असलेल्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या ओळी खुणांच्या बाहेर काढतं, त्यामुळे वाद उरतो तेवढाच दिसतो. या पुस्तकातली प्रत्येक आकृती मूळ मजकूर दाखवणाऱ्या मांडणीत आहे. वाचकाने पुस्तकातून एकच ओळ उचलायची ठरवली, तर ती ही सेटिंग असावी.

गिट अर्थ बघत नाही, ओळी बघतं. म्हणून लागून असलेल्या दोन ओळी दोघांनी स्वतंत्रपणे बदलल्या तरी ते थांबतं. आणि म्हणूनच, वाचनालयाचंच उदाहरण पुढे नेलं तर, एकाने दंडाचं फंक्शन रुपयांऐवजी पैशांत उत्तर देईल असं बदललं आणि दुसऱ्याने वेगळ्याच फाइलमध्ये त्याच फंक्शनवर पावतीचं नवं पान बांधलं, तर गिट दोन्ही बदल चटकन मर्ज करतं. एकही खूण नाही, एकही सूचना नाही, आणि दोन रुपयांच्या दंडाची पावती दोनशेची निघते. खुणा येतात त्या कॉन्फ्लिक्टची मला आता भीती वाटत नाही. ज्या मर्जमध्ये काहीच आलं नाही, त्यानंतर मी टेस्ट चालवल्याशिवाय जागेवरून उठत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक वेगळं प्रकरण लिहिलं आहे, कारण इथला एक कॉन्फ्लिक्ट इंग्रजीत काम करणाऱ्याला भेटणारच नाही. एका सॉफ्टवेअरच्या मराठी भाषांतराच्या फाइलमध्ये मर्ज करताना माझ्यासमोर दोन ओळी आल्या, अक्षर न् अक्षर सारख्या. काना, मात्रा, स्पेस, सगळं जुळत होतं, तरी गिट म्हणत होतं की या दोन ओळी वेगळ्या आहेत. डोळ्यांवर विश्वास ठेवून मी अर्धा तास घालवला. मग बाइट काढून बघितले. ओळीत 'दुसऱ्या' हा शब्द होता. त्यातला अर्धा र, ज्याला पापणीसारखा आकार असतो, युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत नुक्त्याचा ऱ आणि पुढे हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा, शून्य रुंदीचा जोडवर्ण. इनस्क्रिप्ट कळपाटावर ऱ साठी स्वतंत्र कळ आहे, त्यामुळे तिथून पहिली रीत येते. इतर काही कळपाटांतून दुसरी. पडद्यावर दोन्ही सारख्याच उमटतात. युनिकोडच्या नियमांनी मजकूर प्रमाणित करून घेतला तरी हा भेद जात नाही, कारण त्या नियमांच्या लेखी हे दोन वेगळे मजकूर आहेत. उपाय एकच: भाषांतर करणाऱ्या सगळ्यांनी एक रीत ठरवायची आणि कमिटपूर्वी एका छोट्या स्क्रिप्टने बाकीच्या तिच्यात बदलून घ्यायच्या. 'वाऱ्यावर', 'पुढाऱ्यांनी', 'शेतकऱ्यांच्या'... मराठीच्या कुठल्याही फाइलमध्ये हे शब्द दर पानाला भेटतात, तेव्हा हा प्रश्न किरकोळ समजू नये.

मराठी गद्य गिटमध्ये ठेवणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगते. आपण परिच्छेद एका सलग ओळीत टाइप करतो. मग पहिल्या वाक्यात एकाने स्वल्पविराम हलवला आणि शेवटच्या वाक्यात दुसरीने शब्द बदलला, तरी सबंध परिच्छेदाचा कॉन्फ्लिक्ट होतो. या पुस्तकाच्या मूळ फाइलमध्ये प्रत्येक वाक्य वेगळ्या ओळीवर आहे. छापताना त्याने काही फरक पडत नाही.

काही गोष्टी इथे नुसत्या उल्लेखून पुढे जाते, त्यांची सविस्तर प्रकरणं आहेत. रिबेस करताना 'अवर्स' आणि 'देअर्स' यांचे अर्थ उलटतात. ज्या ब्रँचवर आपण जाऊन बसतो ती 'अवर्स' होते आणि आपलं स्वतःचं काम 'देअर्स'. हे माहीत नसल्याने माणसं आपलंच काम पुसतात. 'रेरेरे' हे गिटमधलं साधन एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट लक्षात ठेवतं आणि पुन्हा तोच आला की तेच उत्तर भरतं. लांब चालणाऱ्या ब्रँचना त्याचा फार आधार आहे. मात्र चुकीचं उत्तरही ते तितक्याच निष्ठेने लक्षात ठेवतं, म्हणून विसरायला लावणारी आज्ञाही शिकून घ्यावी लागते. यंत्राने तयार केलेल्या लॉक फाइली हाताने कधीही जुळवू नयेत. मूळ यादी जुळवावी आणि फाइल पुन्हा तयार करून घ्यावी. आणि गोंधळलात तर मर्ज सोडून देता येतो, '--अबॉर्ट' म्हटलं की झालं. नव्या मुलांना हे कुणी सांगत नाही. कॉन्फ्लिक्ट आला की आता बाहेर पडायला वाट नाही असं त्यांना वाटतं, आणि त्या घाईत जी बाजू हाताला लागेल ती ते ठेवतात. मीही तेच केलं होतं.

कोडच्या प्रकरणांमध्ये एक प्रकरण संभाषणाचं आहे. काहींना ते तांत्रिक पुस्तकात अनाठायी वाटेल. माझा अनुभव असा की मूळ प्रत बघूनही समोरच्याचा हेतू कळला नाही, तर कमिट संदेश वाचावा, आणि तरीही नाही कळला तर उठून त्याच्या टेबलापाशी जावं, किंवा फोन करावा. "तू ही ओळ का बदललीस?" हे विचारायला दोन मिनिटं लागतात. माझा सहकारी त्या रात्री माझ्यापासून चार खुर्च्यांवर बसलेला होता. त्याची दुरुस्ती मी पुढे माझ्या नव्या रचनेत पुन्हा घातली, त्याला शेजारी बसवून, आणि कमिट संदेशात पहिल्या कमिटचा क्रमांकही लिहिला, म्हणजे नंतर कुणी त्या दोन ओळींचा माग काढला तर तो माझ्यापाशी थांबणार नाही, त्याच्यापर्यंत जाईल.

पहिलं प्रकरण उघडण्यापूर्वी एक रिकामा फोल्डर घ्या. त्यात गिट सुरू करा, वर सांगितलेली सेटिंग 'डिफ३' करा, आणि दंडाची ती एक ओळ लिहून कमिट करा. एका ब्रँचवर दोनाचे पाच करा, दुसरीवर बालविभागाला माफी द्या, आणि दोन्ही मर्ज करा. कॉन्फ्लिक्ट आला की लगेच काही दुरुस्त करू नका. उभ्या रेघांखालची ओळ वाचा, मग वरची, मग खालची. तो फोल्डर तसाच राहू द्या. पहिलं प्रकरण तिथूनच सुरू होतं.